आंभोऱ्याच्या पाण्यात कोणते इंजिन परवडेल?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. आंभोऱ्याजवळ, गोसेखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये तुमची १६ फुटी, सपाट बुडाची फायबरची बोट आहे. तिघे जण जाळी टाकायला आणि उचलायला जाता, सकाळ-संध्याकाळ मिळून तीनेक तास बोट चालते. आजवर वल्ह्यांवर भागले, आता इंजिन बसवायचे आहे. रत्नागिरीकडचे एक जुने १५ एचपीचे टू-स्ट्रोक स्वस्तात मिळते आहे, आणि नागपुरात कोणी नवे ९.९ चे फोर-स्ट्रोक घ्या म्हणून मागे लागले आहे. यातले ॲव्हरेज कोणाचे चांगले आणि भरवशाचे कोणते, हे तुम्हाला हवे आहे.

माझे वर्कशॉप नागपुरात आहे. शेतीपंप आणि फवारणी पंप हा रोजचा धंदा, त्यासोबत रामटेक-भंडाऱ्याकडची आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे अडकवायची इंजिनेही येतात. दुरुस्तीला येणाऱ्या इंजिनांवरून सांगतो: बहुतेक जण इंजिन निवडताना एचपी आणि कंपनी पाहतात, आणि बोट कोणत्या वेगाने चालवायची आहे हे ठरवायचे राहून जाते. पेट्रोलचा सगळा हिशेब तिथेच सुरू होतो.

पाणी कापत चालणाऱ्या बोटीला तिच्या लांबीनुसार वेगाची एक मर्यादा असते. बोटीची पाण्याला टेकलेली लांबी मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, साडेचारने गुणा. येईल तो ताशी किलोमीटरमधला वेग. तुमच्या बोटीची पाण्यातली लांबी १५ फूट, म्हणजे सुमारे ४.६ मीटर धरली, तर उत्तर साडेनऊच्या आसपास येते. तिथपर्यंत बोट शहाण्यासारखी चालते. त्यापुढे थ्रॉटल दिला की ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला लागते: नाक वर, बूड खाली, मागे मोठा खळगा. आवाज वाढतो, पेट्रोल वाढते, वेग जेमतेम वाढतो. ही लाट ओलांडून बोट पाण्यावरून सरकायला लागली की पुन्हा बरे चालते, पण त्याला ताकद लागते. ढोबळ हिशेब असा की एका एचपीच्या वाट्याला २० ते २५ किलोपेक्षा जास्त वजन यायला नको.

आता तुमचे वजन पाहू. रिकामी बोट २०० किलो धरा, तिघे माणसे २००, ओली जाळी, बर्फाची पेटी आणि मासळी आणखी २००, इंजिन आणि भरलेली टाकी साठ-सत्तर. झाले साडेसहाशे-सातशे. एवढे वजन पाण्यावर सरकवायचे तर २८ ते ३५ एचपी लागेल. १५ एचपीत ते होणार नाही. म्हणजे भरल्या बोटीत ते इंजिन बरोबर त्या मधल्या, सगळ्यात खर्चिक जागी अडकेल. आणि एक गंमत सांगतो. विकणारा तुम्हाला ट्रायल देताना एकटा बसेल, बोट रिकामी असेल, तेव्हा वजन भरेल सव्वातीनशे किलो. त्यात १५ एचपी मस्त पळेल. तुम्ही खूश होऊन पैसे द्याल, आणि पहिल्या भरल्या फेरीला विचार कराल की याला झाले काय. ट्रायल घ्यायचीच असेल तर तिघे बसा आणि बोटीत पाण्याचे कॅन भरून ठेवा.

मर्यादेच्या खालीही वेगाची किंमत मोजावी लागतेच. वेग वाढवला की लागणारी ताकद साधारण त्याच्या घनाने वाढते. ताशी ७ वरून ९ किलोमीटरवर गेलात तर तासाला लागणारे पेट्रोल दुपटीच्या वर जाते. वेळ वाचतो हे धरूनही त्याच अंतराला साधारण ६० ते ६५ टक्के पेट्रोल जास्त जळते. मर्यादेजवळ जाल तसे हे आणखी वाईट होत जाते. जाळी तीन किलोमीटरवर असतील तर या दोन वेगांमधला फरक सहा मिनिटांचाही नाही. मासळी घ्यायला आलेली गाडी तेवढ्याने निघून जात असेल तर गोष्ट वेगळी, एरवी ताशी सात-साडेसात हा तुमचा चालीचा वेग ठेवा.

एवढ्या वजनाच्या बोटीला या चालीला पंख्यावर तीन-चार एचपी पुरतात. वाऱ्यासाठी काही शिल्लक हवी, कारण उन्हाळ्यात दुपारनंतर मोकळ्या पाण्यावर वारा उठतो आणि रिकामी बोट पानासारखी फिरते. म्हणून माझे उत्तर ६ एचपीचे फोर-स्ट्रोक. काठाकाठाने किंवा तीन-चार किलोमीटरच्या आत जाळी असतील तर ते पुरेसे आहे. मोठे मोकळे पाणी ओलांडून जात असाल, किंवा मागे दुसऱ्या कोणाचा डोंगा बांधून आणायचा असेल, तर ९.९ घ्या. यापैकी काय, ते तुम्हीच ठरवू शकता. मी इथे बसून तुमची जाळी कुठे आहेत हे सांगू शकत नाही.

४, ५ आणि ६ एचपी ही बऱ्याच कंपन्यांत एकाच सिलिंडरची इंजिने असतात. वजन तेच, २५-२७ किलो. त्यामुळे ४ घेऊन वजन वाचत नाही, आणि ६ घेतल्याने पेट्रोल आपोआप जास्त जात नाही. तुम्ही थ्रॉटल किती देता त्यावर ते ठरते. ९.९ मात्र ४० किलोच्या आगेमागे जाते. हा आकडा लहान समजू नका. काठावर इंजिन सोडून घरी जाता येत नाही, रोज उतरवून न्यावे लागते. मे महिन्यात पाणी मागे सरकते तेव्हा चिखल तुडवत ते वर आणायचे असते. २६ किलो एक माणूस खांद्यावर घेतो, ४० किलोला दोघे लागतात, आणि एखाद्या दिवशी कंटाळा करून कोणी तरी ते बोटीवरच सोडून देतो.

आता टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक. कार्ब्युरेटरच्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये नवा पेट्रोल-हवेचा भरणा आत येत असतानाच धूर बाहेर जाण्याची खिडकी उघडी असते. त्यामुळे पाव हिस्सा पेट्रोल न जळताच बाहेर पडू शकते. पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग दिसतो, तो तुमचाच पैसा. पूर्ण थ्रॉटलला फोर-स्ट्रोक एका एचपीमागे तासाला साधारण ०.३ लिटर घेते, टू-स्ट्रोक ०.४ ते ०.५ पर्यंत जाते. मंद चालीवर हा फरक आणखी रुंदावतो, आणि तुमचे काम तर सगळे मंद चालीचेच आहे: जाळ्याशी जायचे, इंजिन मंद ठेवायचे, पुढे सरकायचे.

तुमच्या चालीला फोर-स्ट्रोक तासाला सव्वा ते दीड लिटर, टू-स्ट्रोक सव्वादोन-अडीच लिटर, असे धरून चालू. रोज तीन तास म्हणजे रोजचा फरक तीन लिटरचा. पेट्रोल शंभरीच्या वर आहे. वर्षाला २०० दिवस बोट चालली तर साठ हजार रुपये आणि वर टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-टी ऑइलचा खर्च. म्हणजे स्वस्त मिळालेल्या इंजिनाची स्वस्ताई किती दिवस टिकेल ते तुम्हीच काढा. तुम्ही आठवड्यातून एकदा गळ टाकायला जाणारे असता तर मी हेच गणित उलटे केले असते आणि चांगले जुने टू-स्ट्रोक घ्या म्हटले असते. ते हलके असते, भाग कमी असतात, रस्त्याकडेचा मिस्त्रीही ते उघडू शकतो.

फोर-स्ट्रोकची एक सवय लावून घ्या. त्याच्या पोटात ऑइल असते, त्यामुळे ते कोणत्याही कुशीवर आडवे करता येत नाही. कोणती बाजू खाली ठेवायची ते इंजिनावर किंवा पुस्तिकेत दाखवलेले असते. चुकीच्या बाजूने टेम्पोत घालून नागपूरला आणलेले इंजिन उघडले की ऑइल सिलिंडरमध्ये किंवा हवेच्या वाटेत गेलेले सापडते. ऑइल पहिल्यांदा पुस्तिकेत सांगितलेल्या तासांना, बहुधा १० ते २० तासांनी, आणि नंतर दर १०० तासांनी बदलायचे. रोज तीन तास म्हणजे साधारण महिनाभरात १०० तास होतात. गाडीसारखे वर्षातून एकदा सर्व्हिसिंग हा हिशेब इथे चालत नाही.

पंख्याबद्दल विक्रेता बोलणार नाही, म्हणून मी बोलतो. नव्या इंजिनासोबत येणारा पंखा बहुधा हलक्या, वेगवान बोटीसाठीचा असतो. तुमची बोट जड आणि हळू. तुम्हाला कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर पुढे सरकणारा पंखा हवा. तपासायचे कसे? बोट नेहमीसारखी भरा, पूर्ण थ्रॉटल द्या आणि आरपीएम पाहा. छोट्या इंजिनावर मीटर नसतो, पण प्लगच्या वायरीला गुंडाळायचा साधा टॅकोमीटर मिळतो. पुस्तिकेत ५००० ते ६००० सांगितले असेल आणि तुमचे ४४०० वर अडकत असेल, तर इंजिनाची दमछाक होते आहे. पिच एक इंच कमी केला की दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. ९.९ मध्ये काही कंपन्या जड बोटींसाठी वेगळे हाय-थ्रस्ट मॉडेल देतात, त्यात गिअर खालचा आणि पंखा मोठा असतो. ९.९ च घ्यायचे ठरले तर तेच मागा.

शाफ्टची लांबीही बोट मोजल्याशिवाय सांगू नका. शॉर्ट शाफ्ट म्हणजे बोटीची मागची, इंजिन अडकवायची फळी १५ इंची, लाँग म्हणजे २० इंची. इंजिन अडकवल्यावर पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या बुडाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यावी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि नुसता घोंगावतो. फार खाली गेली तर विनाकारण पाणी अडवते, आणि तुमच्याकडे उन्हाळ्यात बुडालेली खुंटे वर येतात त्यांना आधी तीच भिडते.

आता भरवशाकडे येतो. जपानी कंपन्यांची छोटी इंजिने, म्हणजे यामाहा, सुझुकी, होंडा, तोहात्सू, यांत डावे-उजवे करण्यासारखे मला फारसे काही वाटत नाही. मर्क्युरीची बरीच छोटी फोर-स्ट्रोक इंजिने तोहात्सूकडूनच बनून आलेली आहेत, त्यामुळे एकाचा भाग दुसऱ्याला लागण्याची शक्यता असते. नागपुरात बसून कंपनीपेक्षा महत्त्वाचे काय, तर इम्पेलर (इंजिन थंड ठेवणारे पाणी वर चढवणारी रबरी चकती), वॉटर पंपची किट, गिअरकेसचे सील, पंख्याची शिअर पिन आणि फ्युएल फिल्टर हे विकणारा किती दिवसांत देतो. किनाऱ्यावर हे सामान दुकानात टांगलेले असते. आपण समुद्रापासून इतके लांब आहोत की एका रबरी चकतीसाठी बोट आठवडाभर काठावर पडू शकते. म्हणून इंजिनाच्या बिलातच या पाच वस्तूंचा एकेक जादा नग लिहून घ्या. विकणारा टाळाटाळ करत असेल तर पुढे काय होईल ते तिथेच कळले.

तुमच्या पाण्यात ही इंजिने कशाने मरतात, ते सांगतो. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि आपल्या शहराची घाण घेऊन ते पाणी तुमच्याकडे येते. त्यावर जलपर्णी पोसते. तिच्या मुळ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या इंजिनाच्या खालच्या, पाणी ओढायच्या जाळीवर चिकटल्या की थंड करणारे पाणी वर चढत नाही. इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडते ना, तिच्यावर नजर ठेवायची. धार बारीक झाली किंवा गरम वाफ यायला लागली की लगेच बंद करा, इंजिन वर उचला, जाळी साफ करा. ‘काठाला तर पोचू दे’ म्हणून दोन मिनिटे चालवले की आतली रबरी चकती जळते. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यातली रेती तिच्या पात्या आणि भोवतीची स्टीलची वाटी घासून काढते. चकती रोजच्या वापरात वर्षाला बदलायचीच, धार चांगली दिसत असली तरी. आणि घरी आणून कोरडे इंजिन ‘फक्त पाहायला’ म्हणून सुरू करायचे नाही; पिंपात पाणी भरा, त्यात इंजिनाचा खालचा पाय बुडवा, मग दोरी ओढा.

दुसरा शत्रू तुमचेच जाळे. तंगुसाचा एक धागा पंख्यामागे शाफ्टभोवती गुंडाळला जातो, फिरत्या शाफ्टवर घासून गरम होतो आणि सीलच्या ओठात सुरीसारखा शिरतो. बाहेरून काही दिसत नाही. मग गिअरच्या तेलात पाणी जायला लागते, गिअर गंजतात, आणि एक दिवस खालून कुरकुर ऐकू येते. दर पंधरा दिवसांनी पंख्याची पिन काढून पंखा ओढून पाहा, मागे केसासारखे काही गुंडाळले असेल तर कापून काढा. गिअर ऑइल तपासायला इंजिन उभे ठेवा, खालचा स्क्रू थोडा सैल करा आणि चार थेंब बोटावर घ्या. तेल मधाच्या रंगाचे किंवा काळपट असेल तर ठीक. दुधाळ, चहासारखे दिसले तर सील गेले. त्याच दिवशी थांबलात तर काम सीलच्या किमतीत भागते. भरताना तेल खालच्या भोकातून दाबायचे, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतले तर आत हवा अडकते आणि तेल अर्धेच बसते.

तिसरी गोष्ट पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि बहुतेक आउटबोर्डांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असे छापलेले असते. इंजिन घेण्याआधी विक्रेत्याकडून हे लेखी विचारा, कारण वॉरंटीचा वाद इथेच होतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून अशा पेट्रोलवर सहा-सात टक्के ॲव्हरेज कमी मिळेल हे धरून चाला. खरा त्रास मात्र पडून राहिलेल्या पेट्रोलचा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, आणि तो वाढला की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाला बसते. पेट्रोल ओढणारी नळीही तळालाच असते. पावसाळ्यात अर्धी टाकी महिनाभर ठेवून नंतर इंजिन उठत नाही म्हणून येणारे बरेच आहेत.

त्यामुळे दोन-तीन दिवसांचेच पेट्रोल भरा. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवा. बोट आठवडाभर बांधून ठेवायची असेल तर शेवटी नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि कार्ब्युरेटरच्या वाटीचा स्क्रू उघडून उरलेले थेंबही काढून टाका. आपल्याकडच्या ४५ अंशांत टाकी उन्हात ठेवू नका. ओले पोते टाका, आणि चालवताना झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना ते पाहा. तो बंद राहिला तर थोड्या वेळाने टाकी आत दबते आणि इंजिन पेट्रोलअभावी बंद पडते. अशी ‘बिघडलेली’ इंजिने मी हात न लावता परत पाठवली आहेत.

९.९ मध्ये कार्ब्युरेटर की फ्युएल इंजेक्शन, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण दुकानात विचारला जाईल. इंजेक्शनवाले पेट्रोल कमी खाते आणि दोरीच्या एका ओढीत उठते. काही मॉडेलना बॅटरीही लागत नाही. पण ते रुसले तर त्याला कंपनीचा माणूस आणि त्याचे यंत्र लागते. कार्ब्युरेटर कुहीचा मोटारसायकल मिस्त्रीही उघडून धुऊ शकतो. तुमची बोट रोज चालणार, म्हणजे कार्ब्युरेटर सुकून चिकटण्याचा त्रास तसाही कमी. मी कार्ब्युरेटर घेईन.

एवढे सगळे सांगूनही, तुमच्या भागात जलपर्णी फारच दाट असेल तर लाँग-टेलचा विचार करा. शेतीपंपाचे असते तसे हवेने थंड होणारे पेट्रोल इंजिन आणि त्याला मागे लांब दांडा, टोकाला पंखा. पाणी ओढायचेच नसते, त्यामुळे जाळी तुंबत नाही, आणि खुंट आले की दांडा वर उचलायचा. सुटे भाग तालुक्याच्या पंपाच्या दुकानात मिळतात. आवाज मोठा, वळण मोठे, रिव्हर्स नाही, आणि फिरता उघडा दांडा जाळ्याजवळ धोक्याचा. तरी दाट वनस्पतीत मी आउटबोर्डापेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास ठेवीन. बॅटरीच्या मोटरचा विचार सध्या सोडा. १२ व्होल्टची साधी मोटर पूर्ण जोरात पन्नासेक अँपिअर ओढते, १०० अँपिअर-अवरची लेड बॅटरी त्यावर तासभरही धड टिकत नाही, आणि तुम्हाला रोज तीन तास हवेत.

रत्नागिरीचे इंजिन तरीही मोहात पाडत असेल तर निदान हे पाहा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजा. दोन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर नमस्कार करून परत या. गिअर ऑइल वर सांगितले तसे पाहा. बोल्ट रंगाखाली फुगलेले, मिठाने पांढरे झालेले असतील तर आतली पाण्याची वाटही तशीच तुंबलेली असणार. आणि ते एविनरूड असेल तर लक्षात घ्या, त्या आउटबोर्डांचे उत्पादन २०२० मध्येच बंद झाले आहे.

इंजिन लावले की बोट यांत्रिक जलयान ठरते, म्हणून अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ प्रमाणे नोंदणीचे काय आणि जलाशयात इंजिन चालवायला पाटबंधारे विभागाची परवानगी काय लागते, हे तुमच्या मच्छीमार संस्थेमार्फत आधीच विचारून घ्या. इंजिनाची लाल दोरी चालवणाऱ्याने मनगटाला बांधायचीच. तो पाण्यात पडला तर इंजिन तिथेच बंद होते, नाहीतर फिरता पंखा घेऊन बोट त्याच्याभोवती गोल फिरते.

आता तुम्ही एवढे करा: बोटीच्या मागच्या फळीची उंची मधोमध मोजा, वरच्या कडेपासून बुडापर्यंत. फळीची जाडीही मोजा, दीड इंचाहून कमी असेल तर आतून प्लायवुड लावून ती जाड करावी लागेल. जाळी काठापासून किती लांब असतात तेही कळवा. मग ६ की ९.९, शाफ्ट कोणता आणि पंख्याचा पिच किती, ते सांगतो.